मेनूला सातची अट नको

‘माणसाच्या डोक्यात एका वेळी सातच गोष्टी मावतात, म्हणून मेनूत सातपेक्षा जास्त पर्याय ठेवू नका.’ मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या नावानिशी हा सल्ला वेबसाइट आणि अ‍ॅपच्या डिझाइनच्या पोस्टमधून सतत फिरत असतो. त्यापायी सरळ, स्पष्ट मेनू कापले जातात आणि लोकांना हवी असलेली गोष्ट तीन क्लिक आत जाऊन बसते, म्हणून हे लिहितो आहे.

पहिलं म्हणजे, मिलर यांचा १९५६चा लेख मेनूबद्दल नाहीच. एकेक सूर ऐकून तो कोणता हे ओळखणं आणि ऐकलेली यादी लगेच म्हणून दाखवणं, या दोन वेगळ्या क्षमतांची मर्यादा सातच्या आसपास येते, असं त्यात दिसतं. हा योगायोग असावा, अशी शंका खुद्द मिलर यांनीच शेवटी नोंदवली आहे.

‘सात गोष्टी’ म्हणजे तरी काय? १९१४१९३९१९४५ हे बारा आकडे आहेत, पण महायुद्धांची सालं ठाऊक असणाऱ्याला ते तीनच गठ्ठे. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा साधारण चार गठ्ठ्यांवर आणली.

सगळ्यात मोठी चूक मात्र पुढेच आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. आठवणं वेगळं, पाहून ओळखणं वेगळं. केविन लार्सन आणि मेरी झर्विन्स्की या संशोधकांनी १९९८ मध्ये ५१२ पानांची रचना तीन प्रकारे करून पाहिली: आठ-आठ पर्यायांच्या तीन पातळ्या, आधी सोळा मग बत्तीस, आणि आधी बत्तीस मग सोळा. लोकांना सर्वांत जास्त वेळ लागला तो आठ-आठच्या रचनेत. सातचा नियम खरा असता तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

यावर हिकचा नियम पुढे केला जातो: पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळही वाढतो. पण पर्याय दुप्पट झाले म्हणून निवडीचा वेळ दुप्पट होतो, असं तो नियम म्हणत नाही. वेळ लॉगरिदमच्या गतीने, म्हणजे हळूहळू वाढतो. शिवाय तो ओळखीच्या पर्यायांना लागू पडतो. अनोळखी यादीत नजर भिरभिरते ती गोंधळलेल्या नावांमुळे आणि विस्कळीत क्रमामुळे.

स्मृतीची मर्यादा खरोखर नडते ती वेगळ्याच ठिकाणी: एका पडद्यावर दिसलेला सहा अंकी कोड दुसऱ्या पडद्यावर टाकताना, किंवा फोनवरच्या ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ मध्ये. तिथे ऐकलेला पर्याय पुन्हा पाहता येत नाही, आणि तिथे सातसुद्धा जास्तच होतात.