‘हेवी सांगून घरगुती मशीन माथी मारलं’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मेकॅनिक सहाव्या दिवशी आला आणि मधले दोन दिवस दुकानाचा फोन कुणी उचलला नाही, हे खरं आहे. मनापासून माफी मागतो. खानापूर बाजूची कामं साठवून एकाच फेरीत उरकायची आमची पद्धत आहे, पण ज्याचं काम अडलंय त्याला त्याचं काय? चूक आमचीच.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, ‘हेवी सांगून जुनं घरगुती मशीन रंग मारून साडेचौदा हजाराला माथी मारलं, आठ दिवसांत बंद.’ हे वाक्य बेळगाव, निपाणी, चिकोडीत जुनं शिलाई मशीन शोधणारा प्रत्येक जण वाचणार. म्हणून उत्तर लांबलं तरी पूर्ण देतो.

आधी मशीन कुठलं ते. तुम्ही नेलंय ते सिंगर ३१के. ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकचा किलबोवी कारखाना, जो १९८० साली बंद झाला. हे टेलरिंगच्या कारखान्यासाठी काढलेलं मॉडेल, घरासाठी नव्हे. याचं हेड, म्हणजे टेबलावर बसणारं वरचं मशीन, घरगुती हेडपेक्षा लांब आहे, घरगुती टेबलाच्या खाचेत बसतच नाही. म्हणून तर तुम्हाला वेगळं टेबल दिलं. सुईसुद्धा वेगळी. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, याच्या सुईचा दांडा पूर्ण गोल. पेटीतली एक सुई बोटांत फिरवून बघा की, घरगुती आहे का ते तिथेच कळेल.

रंगाचं म्हणाल तर तपासायची रीत सांगतो, ही दुसऱ्यांनाही उपयोगी पडेल. रंग मारलेल्या जुन्या मशीनच्या नंबराच्या अक्षरांत रंग भरलेला दिसतो, स्क्रूच्या खाचांत रंग साचलेला असतो. तुमच्या मशीनच्या नंबरात आधी ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरं आहेत आणि नखाने चाचपला तरी प्रत्येक आकडा लागतो. पुढच्या उजव्या कडेला सोनेरी नक्षी पुसून लोखंड चकाकतंय, तिथे वर्षानुवर्षं शिवणाऱ्याचा हात घासलेला आहे. रंग मारला असता तर पहिली ती जागा झाकली असती.

आता ‘आठ दिवसांत बंद’. या शब्दांनी जास्त लागलं, कारण मशीन तुमच्यासमोर, तुमच्याच कॅनव्हासवर चालवून दिलं होतं. चार पदर, १८ नंबरची सुई, इंचाला ७ टाके. तो तुकडा आमच्याकडच्या बिलाला अजून टाचलेला आहे. वरून बघा, खालून बघा, टाका सारखाच. त्या वेळी मशीन पायावर चालत होतं, चामडी पट्ट्यावर.

मेकॅनिक आला तेव्हा पट्टा काढलेला होता आणि क्लच मोटर (चालू असताना कायम पूर्ण वेगाने फिरणारी) बसवलेली होती. मोटर बसवू नका असं आम्ही कधीच म्हणत नाही. पण मोटरच्या प्लेटवर मिनिटाला २८०० फेरे, तिच्यावर १०० मिलिमीटरची पुली (पट्ट्याचं चाक), आणि मशीनच्या चाकाची खाच ७५ मिलिमीटर. हिशोब करा: २८०० गुणिले १००, भागिले ७५, म्हणजे मिनिटाला ३७०० च्या वर टाके. या मशीनचं शटल, म्हणजे खालून सुईचा दोरा पकडणारा भाग, गोल फिरत नाही, अर्धा फेरा जाऊन परत येतं. दर टाक्याला थांबून उलटणाऱ्या शटलला तो वेग झेपत नाही, आणि जाड कापडात सुई तापते ती वेगळीच. नायलॉनचा दोरा तापलेल्या सुईत वितळून तुटतो. तुम्ही ‘दोरा सारखा तुटतो’ लिहिलंय, त्याचं एक कारण हे. तिथे ५० मिलिमीटरची पुली लावली तरी वेग निम्म्यावर येतो. सर्वो मोटर (वेग कमी-जास्त करता येणारी) घेतली तर उत्तम, ५००-६०० वर बांधून ठेवता येते आणि सुई कापडात शिरताना जोर पडत नाही.

दुसरं कारण दोरा. सुई १८ नंबरचीच होती आणि दोरा मासेमारीच्या जाळ्याचा, २१०/९ (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका दोरा जाड). १८ नंबरच्या सुईला २१०/३ चालतो, त्याहून जाड दोऱ्याला २१ किंवा २२ ची सुई लागते, आणि २१०/९ तर या मशीनचं कामच नव्हे. साधी परीक्षा आहे: हातभर दोरा सुईत ओवा, तिरका ताणून धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली तर जोडी बरोबर, अडली तर सुई लहान. दोऱ्याचा पीळही बघावा लागतो. उजव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत धरून आपल्याकडे वळवला की पीळ घट्ट झाला पाहिजे. सुटायला लागला तर तो दोरा मशीनचा नाही, टाका सोडणारच.

आणि मुख्य बिघाड. सुईखालच्या प्लेटच्या भोकाची मागची कड उडालेली आहे, फक्त मागची. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर दुमडीवर दुमड येऊन आठ पदर होतात. तिथे कापड सरकेना म्हणून मागून ओढलं की सुई मागे वाकते आणि प्लेटवर आपटते. सुई सर्वांत खालून साधारण सव्वादोन मिलिमीटर वर येते, तेव्हा शटलचं टोक तिच्या पाठीला जवळजवळ चिकटून जातं आणि दोऱ्याचा फास उचलतं. सुई वाकली की फास जागेवर नसतो. कधी टोकच सुईवर बसतं. आम्ही नवीन टाकलेल्या शटलचं टोक आता भिंगाखाली बोथट दिसतंय. अशा कोपऱ्यावर मोटर सोडून चाक हाताने फिरवायचं, चार-पाच टाके तेवढेच.

शटलच्या घरात पांढरा थर होता, तो खोबरेल तेलाचा. जानेवारीत बेळगावात सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठतं, तसंच ते मशीनमध्येही गोठलं. ‘सकाळी चाक हलत नाही, दुपारी हलतं’ हे तुमचंच वाक्य आहे. मशीनचं पांढरं तेलच घाला, शटलच्या घरात रोज एक थेंब. खोबरेल रॉकेलने धुऊन काढलंय.

किमतीबद्दल: हेड ९,०००, बिडाचा स्टँड आणि टेबल ३,५००, नवीन शटल, बॉबिन केस, पट्टा आणि मजुरी २,०००. बिलावर असंच लिहिलेलं आहे. नवीन घरगुती मशीन याहून स्वस्त मिळतं, बरोबर. पण ते चार पदरी कॅनव्हासवर रोज आठ तास चालवून बघा.

एक मात्र कबूल करतो. घेताना तुम्ही ‘बॅगा आणि झाकणं’ म्हणालात, ताडपत्री म्हणाला नाहीत, पण आम्हीही खोदून विचारलं नाही. रेक्झिन आणि फोमला तर हे मशीन नकोच. यात फक्त खालचे दाते कापड सरकवतात, वरचा पदर मागे राहतो. त्याला वरचा पायही चालणारं मशीन लागतं. चपला-बुटांना सिंगरचंच २९के, तेही ठिगळापुरतं, लांब शिवणीला नाही. आम्ही हे तोंडी सांगतो, गर्दीत राहून जातं. यापुढे सुईचा नंबर, दोरा आणि तेल बिलावर लिहून द्यायचं ठरवलंय. फोनचंही काहीतरी करतो.

हेड टेम्पोने पाठवा किंवा घेऊन या, दुपारी चारच्या आत आणलंत तर त्याच दिवशी होईल. शटल आणि प्लेट बदलून टायमिंग (सुई आणि शटलचा मेळ) बांधून देतो, मजुरी घेणार नाही, सामानाचे तेवढे द्या. मोटरची पुलीही सोबत आणा, ५० ची बदलून देतो. तुमच्या ताडपत्रीचा कोपऱ्याचा तुकडा आणा, त्याच्यावरच शिवून दाखवतो. स्टार तुम्हाला वाटतील तेवढेच ठेवा. फक्त ‘घरगुती’ आणि ‘रंग मारून’ हे शब्द तेवढे काढा, ही विनंती.