'बाराही प्रिंट्स काळपट' या अभिप्रायास आमचे उत्तर

महोदय,

आमच्या फोटो छपाईच्या कामाला आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. बाराही प्रिंट्स काळपट आल्या, चेहऱ्यांवर निळसर झाक आहे, रंग मळके दिसतात आणि चौकशी केली असता आमच्या सहकाऱ्याने 'दोष तुमच्या मॉनिटरचा आहे' एवढेच बोलून फोन ठेवला, अशी आपली तक्रार आहे. फोनवरील ते वागणे अयोग्य होते. त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

मात्र 'यांचे मशीन बिघडलेले आहे, माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे' (म्हणजे मोजून प्रमाणित रंगांशी जुळवलेला) हे आपले वाक्य मला मुकाट्याने स्वीकारता येत नाही, कारण ते वाचणारा नवा ग्राहक आमच्याकडे फिरकणारच नाही. आम्ही रोज सकाळी पहिल्या ऑर्डरपूर्वी रंगांच्या चौकटींची चाचणी पट्टी छापतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने मोजतो. आपल्या ऑर्डरच्या दिवसाची नोंद मी पुन्हा काढून पाहिली. तीत काहीही वावगे नव्हते.

आपण लॅपटॉप घेऊन आलात तेव्हा आपल्यासमोरच त्याच्या पडद्याची मोजणी झाली, याचा अभिप्रायात उल्लेख नाही, याचे वाईट वाटले. पडद्यावरील पांढऱ्याची प्रखरता प्रति चौरस मीटर सुमारे ३०० कँडेला (प्रखरतेचे एकक) भरली होती. छपाईसाठी फोटो एडिट करताना ती साधारणपणे ८० ते १२० ठेवतात. आपण कॅलिब्रेशन केले होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्यानंतर ब्राइटनेस पूर्ण वाढवल्याचे आपणच सांगितलेत, आणि रात्री आपोआप सुरू होणारा नाइट मोडही बंद केलेला नव्हता. कॅलिब्रेशनच्या वेळी बनलेली प्रोफाइल, म्हणजे पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद, त्या वेळच्या सेटिंगपुरतीच खरी असते. नाइट मोडमुळे पिवळट दिसणारे चेहरे आपण निळ्याकडे सरकवलेत आणि तोच निळेपणा कागदावर उतरला.

काळपटपणाचे कारणही त्याच पडद्यात आहे. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. १०० लक्स, म्हणजे मंद उजेडाच्या खोलीत पांढराशुभ्र कागदसुद्धा जेमतेम ३० कँडेला भरतो, म्हणजे आपल्या पडद्याच्या एक दशांश. अशा पडद्याशेजारी धरलेली कोणाचीही प्रिंट काळवंडलेलीच वाटेल. शिवाय भगभगीत पडद्यावर फोटो जास्त उजळ वाटल्याने आपण एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उतरवलेत, त्यामुळे फाइलच्या हिस्टोग्रॅमची, म्हणजे गडद-उजळ भागांच्या आलेखाची, उजवी (उजळ) बाजू जवळजवळ रिकामी आहे. आम्ही ती आपणहून उजळ का केली नाही, असा प्रश्न आपण विचारला आहे. ऑर्डरवर 'रंगात कोणताही बदल करू नये' ही सूचना आपलीच होती, आणि ती आम्ही पाळली.

मळक्या रंगांबाबत मात्र थोडा दोष आमच्याकडे येतो. आपली मूळ फाइल अॅडोब आरजीबी या विस्तृत रंगपटात होती, पण एक्स्पोर्ट करताना तिला प्रोफाइल (रंग कसे वाचायचे हे सांगणारी माहिती) जोडली गेली नव्हती, आणि अशी फाइल आमची यंत्रणा एसआरजीबी या लहान रंगपटातली समजून छापते, त्यामुळे रंगांचा जोम जातो. प्रोफाइल नसल्याचे आमच्या लक्षात यायला हवे होते आणि छापण्यापूर्वी आपल्याला विचारायला हवे होते. ऑर्डरच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना घालण्याचे ठरवले आहे. फोनवर बोलण्याच्या पद्धतीतही सुधारणा करत आहोत.

आपली तयारी असल्यास मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून, नाइट मोड बंद करून, प्रखरता १०० कँडेला, पांढरा बिंदू (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ ठेवून पुन्हा कॅलिब्रेट करावा. आमच्या कागदाची प्रोफाइल पाठवतो. ती लावून सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी दिसेल याचा पडद्यावरील नमुना) पाहिल्यास कोणते रंग कागदावर उतरणार नाहीत, हे छपाईपूर्वीच कळेल. नव्याने एडिट केलेल्या फाइल्स प्रोफाइल जोडून पाठवल्यास त्यांपैकी दोन प्रिंट्स आम्ही विनामूल्य काढून देऊ. त्या कृपया पडद्याशेजारी न धरता दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहाव्यात.

त्या पाहिल्यानंतरही तारा एकच ठेवावासा वाटला, तर तो आपला अधिकार आहे. 'मशीन बिघडलेले आहे' एवढ्या वाक्याचा तेवढा फेरविचार व्हावा, ही विनंती.