पंखा फिरतो, पण लागत नाही

सर्व्हिस सेंटरच्या बिलावर ‘रेडिएटर फॅन चेक, ओके’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यासमोर एकशे ऐंशी रुपये. हा चेक माझ्या डोळ्यांदेखत झाला. एका पोरानं बंद गाडीच्या फॅनला बोट लावलं, पातं गर्रकन फिरलं, पोरानं बोट पँटला पुसलं आणि कागदावर खूण केली. उद्या मी मेलो आणि कुणी माझा हात उचलून हलवला, तर हा पोरगा मलाही त्याच पेनानं ओके करील.

फॅन फिरत नाही अशी माझी तक्रारच नव्हती. तो लागत नाही, अशी होती. गाडी दोनशे सीसीची, कूलंटवर थंड होणारी. पळत असली की रेडिएटरला समोरून वारा मिळतो, तेव्हा फॅनला काम नसतं. तवंदी घाट चढताना टेंपरेचरचा बार जागचा हलत नाही. पण टिळकवाडीच्या रेल्वे गेटात मालगाडीपुढं अडकलो, की बार वर सरकायला लागतात, मीटरवर लाल चिन्ह येतं आणि शेजारचा स्कूटरवाला आपुलकीनं सांगतो, “गाडी बिसी आगेत्री.” गाडी गरम झालीय हे मला मांड्यांवरून आधीच कळलेलं असतं.

तेव्हा म्हटलं, घरीच बघू. कृती सोपी आहे. गाडी न्यूट्रलला टाकून चालू ठेवायची, जागेवर उभी करायची आणि तापायची वाट बघायची. कूलंट शंभर डिग्रीच्या आसपास गेलं की फॅन आपणहून घोंघावला पाहिजे. घोंघावला तर ठीक, नाहीतर लाल चिन्ह दिसताच इंजिन बंद. पण आमचं बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर, त्यात दिवस पावसाळ्याचे. खानापूरच्या रानावरून असा काही वारा येतो, की उभ्या गाडीलाही वाटावं आपण हायवेवर आहोत. सगळं गाव ज्या हवेचं कौतुक करतं तिला शिव्या घालत मी अनगोळच्या आमच्या गल्लीत गाडीशेजारी उभा राहिलो.

आमच्या गल्लीत चालू गाडीशेजारी नुसतं उभं राहता येत नाही. माणूस गाडीवर बसलेला असावा किंवा गाडी बंद असावी, तिसरी अवस्था गल्लीला मान्य नाही. समोरचे मामा बाहेर आले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यापासून गल्लीतल्या यंत्रांची जबाबदारी त्यांनी स्वतःकडं घेतलीय. कुणी दिलेली नाही.

“काय करूलालास बे?”

“फॅन लागतो का बघतोय, मामा.”

“गाडी तापूलालीय की.”

“तापायलाच पाहिजे. तापल्याशिवाय फॅन लागत नाही.”

मामांनी लुंगी वर खोचली. “म्हणजे मुद्दाम तापवूलालास?”

“हो.”

“बिघडली का न्हाई बघायला बिघडवूलालास.” याच्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मामा वाकले, रेडिएटरमध्ये डोकावले. “बटन कुठं हाय?”

“बटन नसतं. आपोआप लागतो.”

“आपोआप!” मामा सरळ झाले. “आपोआप लागणारी वस्तू तू बेळगावात बघितलास कधी? ह्यो खांबावरचा दिवा आपोआप हाय. दुपारी लागतोय.”

दिवा खरंच लागलेला होता.

“किती डिग्रीला लागतोय म्हणालास?”

“शंभरच्या आसपास.”

मामा इतके हसले की दोन दारं उघडली. “शंभर! अरे, चौदाशे डिग्रीचं लोखंड ओतलंय मी. चौदाशे! आमच्या भट्टीपुढं कुठला फॅन आणि काय. आणि तुझी गाडी शंभरला रडूलालीय?”

मी सांगायला गेलो की कूलंटमध्ये ग्लायकोल असतं, शिवाय झाकणामुळं ते दाबाखाली असतं, म्हणून शंभराला उकळत नाही, फॅननं त्याच्या आधी काम सुरू करायचं असतं. मामांनी यातलं फक्त ‘झाकण’ ऐकलं. “मग काढून बघ की.” आणि हात पुढं. मी तो हात अक्षरशः धरला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण काढलं तर दाब सुटतो आणि उकळतं कूलंट तोंडावर येतं, हे मी ओरडून सांगितलं. मामांना भीती वाटली नाही, अपमान वाटला. चौदाशेवाल्या माणसाचा हात शंभरवाल्यानं धरला होता.

वाऱ्यामुळं बार मध्येच अडला होता. पुठ्ठा धरून रेडिएटरचा वारा अडवावा असं मी पुटपुटलो, तर मामा घरात जाऊन कुंद्याचा रिकामा बॉक्स फाडून घेऊन आले आणि पुढं उकिडवे बसून दोन्ही हातांनी धरून राहिले. हे मात्र मानलं पाहिजे, मोल्डिंगवाल्याचा हात तसूभर हलला नाही. तुपानं माखलेला पुठ्ठा तापायला लागला. गल्लीभर खव्याचा वास. पोरं जमली. एका वहिनींनी वरून विचारलं, “काय केलंय?”

“गाडी!” मामा म्हणाले.

बार चढला. आणखी चढला. लाल चिन्ह आलं. फॅन ढिम्म. मी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मला विजयी वाटत होतं. गाडी बिघडल्याचा इतका आनंद माणसाला व्हावा ही काय दशा आहे, पण झाला. मामा पुठ्ठ्यानं स्वतःला वारा घालत म्हणाले, “ह्ये आपल्या सीमाभागासारखं हाय बघ. 1967 ला महाजनचा अहवाल आला, 2004 ला सुप्रीम कोर्टात केस गेली, तवापास्नं नुसतं तापत ठेवलंय. पंखा कोण लावूलालाय?”

यावर जमावात चर्चा सुरू झाली आणि माझी गाडी तिथंच राहिली.

गाडी निवल्यावर फॅनचा प्लग काढून त्याला वायरीनं थेट बॅटरीचे बारा व्होल्ट दिले. फॅन झकास घोंघावला. म्हणजे मोटर ठीक. फ्यूजही शाबूत. मग दोष सेन्सरमध्ये किंवा रिलेमध्ये, म्हणजे ‘आता लाग’ असं फॅनला सांगणाऱ्यांत. पण मामांनी फिरता फॅन पाहिला आणि हात झटकले. “ओके हाय की!”

हाच तो शब्द. फिरवला तर फिरतो, झालं काम. गरज पडल्यावर फिरतो का, हे बघायला कुणाला वेळ नाही. त्या एकशे ऐंशी रुपयांत काय बघितलं हे विचारायला मी परत गेलो, तर गेटवरच फलक: ‘आत इंजिन बंद ठेवावे.’ म्हणजे गाडी तापवून दाखवायची नाही, आणि थंड गाडीत दोष दिसत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी जॉब कार्डवर नजर टाकून विचारलं, “सर, आत्ता तर नॉर्मल आहे ना?” आत्ता! आत्ता मीही नॉर्मल होतो. गाडी ठेवून जा म्हणाले. संध्याकाळी फोन आला, काही सापडलं नाही, चेकिंगचे पैसे होतील. त्या पोरानं पुन्हा बोट लावलं असणार. पैसे दिले, कारण गाडी आत होती आणि मी बाहेर.

शेवटी गोवावेसच्या बाजूला पत्र्याखाली बसणाऱ्या एका वायरिंगवाल्यानं सीट काढलं. आत सारख्या दिसणाऱ्या रिले ओळीनं बसलेल्या. त्यानं हॉर्नची रिले उपटून फॅनच्या जागी लावली, गाडी तापवली, आणि लाल चिन्ह यायच्या आधी फॅन घोंघावत सुटला. त्यानं चहाचे पैसे घेतले आणि नवीन रिले हुबळीहून मागवावी लागेल म्हणाला.

ती अजून आलेली नाही. तोवर फॅन लागतो, हॉर्न वाजत नाही. खडे बाजारात हॉर्नशिवाय गाडी घालणं म्हणजे काय हे तिथं जाणाऱ्यालाच माहीत. मामांना सांगितलं तर म्हणाले, “मी बसतो की मागं. वरडतो.” आवाज भट्टीवरचा, अख्ख्या रस्त्याला पुरेल. पण 2016 पासून कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि मामा म्हणतात, हेल्मेटात डोकं तापतं.