देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

"देवावर सोडून द्या." अन्याय झालेल्या माणसाला आपल्या ख्रिस्ती मंडळीत हे इतक्या पटकन ऐकवलं जातं की तोवर त्याचं म्हणणंही कुणी पुरतं ऐकलेलं नसतं. मलाही ऐकवलं होतं. एका वरिष्ठाने हिशेबातली स्वतःची चूक माझ्या नावावर ढकलली, माझी नोकरी गेली. मी लेखी तक्रार केली, तर चर्चमधलेच एक वडीलधारे म्हणाले, "ताई, सूड घेणं आपलं काम नाही. तक्रार मागे घ्या."

ज्या वचनाच्या आधारे ते बोलले ते बायबलमधलं, प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेलं रोमकरांस पत्र, 12:19. "सूड घेणे माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असे प्रभू म्हणतो." तेव्हापासून ते किती वेळा वाचलं असेल, आणि दर वेळी 'फेड' या शब्दापाशी अडकले. फेड देण्याची होते. म्हणजे कुणीतरी काहीतरी देणं लागतो, हे देवालाच मान्य आहे! झालं गेलं विसरा, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. वसुली मी माझ्या हाताने करायची नाही, एवढंच सांगितलंय.

इथे सूडासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याच धातूचा, म्हणजे त्याच मुळाचा शब्द लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, येशूच्या दाखल्यातल्या विधवेच्या तोंडी येतो. "माझा न्याय करा" म्हणत ती त्या निगरगट्ट न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. येशू तिला गप्प बसवत नाही, खचून न जाता प्रार्थना कशी करावी हे सांगताना तिचाच दाखला देतो. आणि रोमकरांसच्या पत्रात सहाच वचनं पुढे पौल अधिकाऱ्याला दुष्कर्म करणाऱ्याला शासन करणारा देवाचा सेवक म्हणतो. तिथेही तोच धातू. हे पत्र साधारण इसवी सन 57चं, रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता. सत्ता किती वाकडी चालू शकते हे पौलाला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक होतं. फिलिप्पै शहरात चौकशी न करता फटके मारून त्याला तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप जा म्हणून निरोप आला, तेव्हा तो गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं, म्हणाला. याला कुणी सूड म्हणेल का?

मग सोडायचं काय? ते मला जुन्या करारातल्या दावीदाने शिकवलं. एन-गेदीच्या रानातली गुहा. आत अंधारात दावीद आणि त्याची माणसं, आणि त्याचा जीव घ्यायला निघालेला शौल राजा नेमका त्याच गुहेत एकटा शिरतो. देवानेच शत्रू तुझ्या हाती दिलाय, असं माणसं म्हणतात. दावीद झग्याचा फक्त काठ कापतो, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. पण तो मुका राहत नाही. बाहेर येऊन, तो तुकडा हातात धरून, शौलाला मोठ्याने त्याचा अन्याय ऐकवतो. परमेश्वर तुझा माझा न्याय करो, माझा हात तुझ्यावर पडणार नाही, म्हणतो.

माझी गुहा म्हणजे एक फोन होता. तीन वर्षांनी एका संस्थेतून त्या वरिष्ठाबद्दल विचारणा झाली, हे गृहस्थ आमच्याकडे अर्ज करतायत, तुमचा अनुभव काय? मी तक्रारीत लिहिलेलं होतं तेवढंच सांगितलं, तारखांसकट. पण त्यांच्या घरातली एक गोष्ट माझ्या कानावर आली होती. ऐकीव. ती जिभेच्या टोकावर आली होती. एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाचं तोंड दाखवणं मुश्कील झालं असतं, आणि माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. मी "एवढंच" म्हणून फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळ हात थरथरत होता. पवित्र वगैरे काही वाटलं नाही, खरं सांगते. लुबाडल्यासारखं वाटलं.

त्या रात्री 94वं स्तोत्र मोठ्याने वाचलं. दुर्जन कुठवर जयोत्सव करणार, हा प्रश्न ज्यात देवालाच विचारलाय ते. असे प्रश्न विचारायची मुभा शास्त्रातच आहे, मग मंडळीत का नसावी? जखमी माणसाला रडूही न देता क्षमेची घाई करणं मला तरी ख्रिस्ताचं वाटत नाही.

त्यांना ती नोकरी मिळाली का, मी विचारलं नाही. तक्रार मागे घेतलेली नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे, मी जाणार आहे.