'आधी चार गावं फिरून या' म्हणणाऱ्या धुळेकर भाऊंना

धुळेकर भाऊ,

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिच्याखाली लाइक वाढत गेले, त्यात माझ्या सख्ख्या मावसभावानेही अंगठा उमटवला, तेव्हा म्हटलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की बघण्याच्या कार्यक्रमात किंवा अ‍ॅपवर ओळख झाल्यावर 'तुला फिरायला आवडतं का?' असं विचारतात, त्याचा गावांशी फारसा संबंध नसतो. कोणासोबत गेलीस, कोणाला विचारून गेलीस आणि पैसे कोणी दिले, हे त्यात काढून घ्यायचं असतं. त्यावर तुम्ही लिहिलंत:

"ताई, साध्या प्रश्नाचा कीस पाडलात. गच्चीवर दहा मिनिटं मिळतात, पोरगं घाबरलेलं असतं, काहीतरी विचारायचं म्हणून विचारतं. आधी स्वतः चार गावं फिरून या, मग खान्देशातल्या पोरांना शिकवा. मुलीसुद्धा हेच विचारतात, ते सोयीस्कर विसरलात. मी माझ्या बायकोला हेच विचारलं होतं, ती नुसती हसली. आमचा संसार सुखाचा चाललाय."

'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि तिसऱ्याच वाक्यात अक्कल काढायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मत पटलं नाही तर नाही पटलं म्हणा, मी ऐकून घेईन. पण 'चार गावं फिरून या' हे मत नाही, टोमणा आहे. माझ्या जागी कोणी बापू किंवा अण्णा लिहीत असते तर त्यांना तुम्ही हेच सुनावलं असतं का? मनाशी विचार करा, इथे कळवायची गरज नाही.

आता फिरण्याचं म्हणाल तर ऐकाच. माझा जन्म भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमधला. वडील लोकोशेडला होते. रेल्वेवाल्याच्या घरी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पास. आईने दशम्या, लसणाची चटणी आणि पाण्याची सुरई बांधून घेतली की आम्ही निघालो. झेलमने जम्मू, हावडा मेलने कलकत्ता, गाड्या बदलत बदलत रामेश्वर. वरच्या बर्थवरून वाकून बघताना 'पुढचं स्टेशन कोणतं' यावर भावाशी पैजा लागायच्या. ज्या वयात तुमच्या पोरांनी मनमाडच्या पलीकडे पाऊल टाकलं नसेल, त्या वयात मी पंबनच्या पुलावरून खाली समुद्र बघत घाबरून रडले आहे.

आणि लांबचंच कशाला? पाटणादेवी झालं, पद्मालय झालं, उनपदेवच्या गरम पाण्यात पाय भाजून झाले. शहाद्याहून एसटीने तोरणमाळ गाठलंय. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे दात बघून वय सांगणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी तासभर उभी राहिले आहे. तुमच्या धुळ्याच्या उशाला असलेला लळिंगचा किल्ला तुम्ही शेवटचा कधी चढलात, हे मी विचारत नाही. कारण ते विचारणं उद्धटपणाचं होईल.

तर एवढं फिरलेली मुलगी गच्चीवर गेली तेव्हा काय झालं, ते सांगते. स्थळ पुण्यातल्या नोकरीचं, मूळ अमळनेरकडचं. पोहे झाले, मोठी माणसं खाली, आम्ही वर. टाकीशेजारी दोरीवर पापड वाळत होते. त्याने विचारलं, "फिरायला आवडतं?" मला वाटलं, चला, आपला विषय निघाला. मी जम्मू सांगितलं, हावडा सांगितलं. "कोणासोबत?" "पप्पांसोबत. पास असायचा." "आणि पप्पांशिवाय?" मी म्हटलं, "मैत्रिणीसोबत हंपी." "दोघीच?" "हो." "राहिलात कुठे? घरी माहीत होतं?"

हंपीत काय पाहिलं, हे त्याने विचारलं नाही. तिथला दगडी रथ, तुंगभद्रेतल्या टोपलीसारख्या गोल होड्या, कशाबद्दल अवाक्षर नाही. माझ्या प्रत्येक उत्तरावर त्याचा पुढचा प्रश्न 'कोण' आणि 'कुठे राहिलात' याकडेच वळत होता. आठवड्याने मध्यस्थाचा निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण आपल्या घरात करमायची नाही.

हे घाबरलेलं पोरगं होतं का? असेलही. त्याच्या हातातला रुमाल ओला झालेला मला दिसत होता. पण घाबरलेला माणूस 'जेवणात काय आवडतं' विचारू शकतो, क्रिकेट विचारू शकतो, पापड कोणी लाटले हे विचारू शकतो. त्याला नेमकं 'दोघीच?' का सुचावं? पहिला प्रश्न गप्पा सुरू करायला असेल, चला मान्य. दुसरा प्रश्न ऐका म्हणजे पहिल्याचा हेतू कळतो. माझा सगळा लेख या दुसऱ्या प्रश्नावर होता आणि तुम्ही पहिल्यावरच थांबलात.

मुली हेच विचारतात, हे मात्र खरं. ते मी लिहिलं नव्हतं, तुमचं एवढं बरोबर. पण त्यांच्या तोंडी या प्रश्नाचं काय होतं, हेही पाहायला हवं. माझ्या चुलतबहिणीला रावेरकडचा एक केळीवाला बघायला आला होता. चांगली बारा एकर, ठिबक, गाडी. तिने विचारलं, "तुम्हाला फिरायला आवडतं का?" तो प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "आवडतं ना. पण मृगबाग आवरेपर्यंत कांदेबागेचं येतं. लाइट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मोटार चालू करायला कोणीतरी पाहिजे." मृगबाग आणि कांदेबाग म्हणजे केळीच्या वर्षातल्या दोन लागवडी. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं. तो घर सोडू शकत नाही, म्हणजे तीही सोडू शकणार नाही. शेतीवाला नको असं तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून ती मनाली आणि गोव्याचं विचारत होती. त्यालाही ते कळलं असणार, कारण जाताना तो पायरीवर बूट घालत म्हणाला, "आमच्याकडे पाव्हणेच फार येतात."

त्या घरात अजून सून आलेली नाही. आणि बहीण? पुण्यात वाकडला दोन खोल्यांत आहे. शनिवारी मॉल, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशची देवी कानबाई घरात बसते म्हणून ट्रॅव्हल्सच्या शेवटच्या सीटवर आदळत गावी. मनाली अजून व्हायची आहे. तेव्हा मुलींना मी सूट देते असं कोणी समजू नये. मुलगा विचारतो तेव्हा त्याला तिचा मागचा हिशेब हवा असतो, मुलगी विचारते तेव्हा पुढचा. माझ्या मते हा फरक लहान नाही, तुमच्या मते असेल.

पुण्यातली मुलं अ‍ॅपवर 'बीच की माउंटन?' विचारतात, त्यांचं तंत्र जरा सफाईदार आहे एवढंच. 'सोलो ट्रिप केलीस कधी?' म्हटलं की ऐकायला मोकळं वाटतं. तिने हो म्हटलं की काहींच्या डोक्यात ती रात्री बाहेर राहणारी ठरते आणि मग मेसेजचा सूर दुसऱ्याच दिवशी बदलतो. नाही म्हटलं की ती काकूबाई. 'पासपोर्ट आहे का?' हा तर सरळच प्रश्न आहे, नोकरी बाहेरची मिळाली तर येणार का एवढाच त्याचा अर्थ. तो मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. आणि मुलाने 'सुट्टीत गावाला जातो' असं सांगितलं की मुलीकडचे लगेच ताडतात, पगार कुठे जातो ते.

हे असलं सगळं आपल्याकडे पूर्वीपासून आहे. माझी आजी नव्या सुनेला हमखास विचारायची, "मुंबई देखेल शे का वं तू?" म्हणजे मुंबई पाहिलीय का गं तू? आजीला मुंबईचं काय पडलं होतं? देखेल असेल तर पोर शहरात वाढलेली, शेतात निंदायला वाकणार नाही, एवढं तिला एका वाक्यात कळायचं. तुमच्या आजीनेही विचारलंच असेल.

गंमत अशी की घरातल्या मोठ्या बायकांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि आता सगळ्यात जास्त त्याच फिरतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना तिकिटात ५० टक्के सवलत लागू झाली, तेव्हापासून माझ्या काकूची भिशीची टोळी घरी सापडत नाही. शिर्डी, शेगाव, वणीचा गड. कोणासोबत, कुठे राहिलात, कोणाला विचारून, काही नाही. काका स्वतः खिचडी टाकतात. लग्न जमायचं असतं तेव्हाच बाईच्या प्रवासाला हिशेबाची वही लागते, असा माझा अनुभव आहे, आणि तो चार गावांचा नाही.

'पोरांना शिकवा' याबद्दल: मी कोणाला शिकवत नाही, लिहिते. 'कीस पाडलात' याबद्दल: पाडला. बारीक बघायचं असेल तर पाडावाच लागतो, तुम्हाला मोठे तुकडे आवडत असतील तर वाचायला इतर खूप जागा आहेत.

राहता राहिला तुमचा सुखाचा संसार. त्याबद्दल मला आनंदच आहे, कृपया गैरसमज नसावा. पण तुम्ही विचारलंत, वहिनी हसल्या, आणि तुम्ही ते उत्तर समजून खाली उतरलात. त्यांना कुठे जायचं होतं, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. आज संध्याकाळी विचारून बघा. आणि या वेळी त्यांनी एखाद्या गावाचं नाव घेतलं, तर पुढचा प्रश्न जरा सांभाळून विचारा.