सृष्टीचं वय हा विश्वासाचा मुद्दा झाला कधी?

‘दोन हजार वर्षं ख्रिस्ती लोक चोवीस तासांचे सहा दिवस आणि सहा हजार वर्षांची पृथ्वी एकमुखाने मानत आले, मग डार्विन आला आणि माणसं डळमळली.’ संडे स्कूलपासून यूट्यूबपर्यंत हे ठासून सांगितलं जातं. चर्चवर टीका करणारेही हेच खरं धरून चालतात. दोन्हीकडचा इतिहास कच्चा आहे. आणि त्याचा भुर्दंड बसतो तो कॉलेजात जीवशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना. खडकाचं वय मान्य केलंत तर येशूही गेला, असं त्यांना बजावलेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहायला हवं.

मुळात हे तीन वेगळे प्रश्न आहेत. देवाने सृष्टी शून्यातून केली का? सहा दिवस म्हणजे किती काळ? आणि पृथ्वीचं वय किती? ख्रिस्तमंडळीने विश्वासाचा भाग म्हणून ठरवला तो फक्त पहिला, आणि तोही लगेच नाही. इ.स. १५०च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर देवाने निराकार द्रव्याला आकार दिला असं लिहून जातो. इ.स. १८०च्या आसपास अंत्युखियाचा थिओफिलस आणि इरेनियस शून्यातून निर्मितीवर ठाम उभे राहतात, कारण समोर जडसृष्टीला हीन आणि खालच्या देवाची करणी मानणारे ज्ञानवादी पंथ होते. चौथ्या शतकात ठरलेल्या निकियाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या सूत्रात, आकाश, पृथ्वी, दृश्य आणि अदृश्य यांचा उत्पन्नकर्ता एवढंच आहे. त्यात दिवस नाहीत, वर्षं नाहीत. ज्या सभेत एकेका शब्दावरून रणं माजली तिथे हा तपशील नजरचुकीने राहून गेला असेल, असं मला वाटत नाही.

दिवसांच्या बाबतीत अडचण बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशाने झाली? तिसऱ्या शतकात धर्मपंडित ओरिजेनने हाच प्रश्न विचारला आणि हे शब्दशः घ्यायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिलने उलट भूमिका घेतली. उपवासकाळात, रोजंदारीवर जगणारे कारागीर समोर बसलेले असताना त्याने नऊ प्रवचनं दिली आणि गवत म्हणजे गवतच, मासा म्हणजे मासाच असं बजावलं. त्याचा दिवस चोवीस तासांचा. सिरियाचा एफ्रेमही त्याच बाजूचा. दोन्ही बाजू मंडळीच्या आतच होत्या, आणि दिवस कसे वाचले एवढ्यावरून कुणाला बाहेर काढलं गेलं नाही.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन मात्र नीट वाचावा असा. उत्पत्तीच्या या अध्यायांशी त्याने आयुष्यभर झुंज घेतली. ३८८च्या सुमारास एकदा, मग अर्धवट सोडलेला एक प्रयत्न, नंतर आत्मकथनाचे शेवटचे तीन भाग, आणि ४०१ ते ४१५ या काळात बारा भागांचं भाष्य. या भाष्याच्या नावातच ‘शब्दशः’ आहे, पण निष्कर्ष असा की देवाने सर्व एकदमच केलं. सहा दिवस हा वेळेचा हिशोब नाही, तो समजण्याचा क्रम आहे. सहाच का? कारण १ + २ + ३ म्हणजे ६, परिपूर्ण संख्या: तिला भागणाऱ्या लहान संख्यांची बेरीज ती स्वतःच. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण त्याच भाष्याच्या पहिल्या भागात तो जे सांगतो ते आजही तितकंच झोंबतं: आकाश, तारे, प्राणी यांबद्दल अख्रिस्ती माणसाला पक्की माहिती असताना ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलला, तर तो माणूस पुनरुत्थानावर आपलं का ऐकेल?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हाच ऑगस्टिन मानवजातीला सहा हजार वर्षंही झाली नाहीत असं मानत होता. प्राचीन धर्मपिते कोट्यवधी वर्षं मानत होते असा दावा कुणी केला तर तोही खोटा. वय कमी आहे हे बहुतेकांना मान्य होतं, कारण दुसरा आकडा काढायचं साधनच नव्हतं.

आणि तो आकडा तरी एक कुठे होता? उत्पत्ती ५ उघडा, कागद घ्या आणि मुलगा झाला तेव्हाचं बापाचं वय मांडत जा. आदाम १३०, शेथ १०५, अनोश ९०, केनान ७०, महललेल ६५, यारेद १६२, हनोख ६५, मथुशलह १८७, लामेख १८२, आणि जलप्रलयाच्या वेळी नोहा ६००. बेरीज १६५६, म्हणजे निर्मितीपासून जलप्रलयापर्यंतची वर्षं. ही हिब्रू पाठाची. पहिल्या शतकांतली मंडळी मुख्यतः वाचायची ती ग्रीक भाषांतर, आणि त्यात आदाम २३०, शेथ २०५ अशी बऱ्याच जणांच्या वयात शंभराची भर. तिथे बेरीज २२४२. शोमरोनी लोकांनी जपलेल्या पाठात १३०७. ग्रीक पाठात मथुशलह १६७ व्या वर्षी बाप होतो, म्हणजे त्याचा जन्म १२८७ साली आणि ९६९ वर्षं जगून मृत्यू २२५६ साली, जलप्रलयानंतर १४ वर्षांनी! नोहाच्या तारवात तर तो नव्हता. ही चौदा वर्षं ऑगस्टिनलाही माहीत होती, आणि नक्कल करताना आकडे चुकले असावेत असं त्याने लिहूनही ठेवलं.

म्हणून निर्मितीचं साल ज्याचं त्याचं वेगळं. चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस याच्या हिशोबाने इ.स.पू. ५१९९, बायझंटाइन पंचांगाने ५५०९. रशियात तर निर्मितीपासून मोजलेलं ७२०८ साल संपलं आणि दुसऱ्या दिवशी १७०० उजाडलं. इंग्लंडच्या बीड या मठवासी विद्वानाने हिब्रू पाठावरून ३९५२ काढलं, तेव्हा ७०८ साली त्याच्यावरच पाखंडाचा आरोप झाला, कारण त्याने पृथ्वी नेहमीच्या आकड्यापेक्षा फार तरुण ठरवली होती! ४००४ हे आर्चबिशप अशर यांचं, १६५०चं. ते पुढे इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं आणि लोकांना वचनासारखंच वाटू लागलं. (आपल्याकडे गोव्यात फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणात सृष्टीची कथा मराठी ओवीत १६१६ सालीच आली होती, अशर यांच्या ग्रंथाच्या ३४ वर्षं आधी.)

सोळाव्या शतकातले धर्मसुधारक ल्यूथर आणि कॅल्विन दोघेही खरोखरचे सहा दिवस मानणारे. पण कॅल्विनने १५५४च्या भाष्यात चंद्राबद्दल काय लिहिलं ते पाहा. शनी चंद्रापेक्षा मोठा असल्याचं खगोलज्ञ सिद्ध करतात, तरी उत्पत्ती लिहिणारा मोशे चंद्राला मोठी ज्योती म्हणतो, कारण तो सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहितो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचं त्याने दुसरीकडे जावं.

पृथ्वी जुनी आहे हे ठरलं तेही डार्विनच्या आधी, आणि ते ठरवणाऱ्यांत धर्मगुरू होते. केंब्रिजचे भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅडम सेजविक हे अँग्लिकन पाळक. इंग्लंडभर पसरलेली वाळू-गोट्यांची भर नोहाच्या जलप्रलयाची असं ते मानत. ती भर एका वेळची नाहीच हे दिसल्यावर १८३१ साली त्यांनी जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष म्हणून ते मत जाहीरपणे मागे घेतलं. ऑक्सफर्डचे पाळक-भूगर्भशास्त्रज्ञ बकलंड यांनीही १८३६ साली तेच केलं. स्कॉटलंडचे पाळक थॉमस चामर्स उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांच्या मध्ये प्रचंड काळ धरत होते, तर भूगर्भावर लिहिणारे ह्यू मिलर दिवस म्हणजे युग मानत होते. शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून अमेरिकेत डेटन इथे १९२५ साली झालेल्या खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले ब्रायन यांनीसुद्धा साक्षीत दिवस चोवीस तासांचेच असा आग्रह धरला नाही.

आजचा कडक आग्रह आला तो अ‍ॅडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांच्या १९२३च्या पुस्तकातून, आणि व्हिटकम व मॉरिस यांनी १९६१ साली तोच धागा पुढे नेला. प्राइस यांचा हुकमी मुद्दा मोंटानातल्या डोंगरांचा होता: तिथे जुना खडक नव्या खडकावर बसला आहे, म्हणजे जीवाश्मांचा क्रम कपोलकल्पित. पण तो जुना थर बाजूच्या दाबाने नव्यावर सरकलेला आहे, आणि सरकताना भरडलेला पट्टा दोन थरांच्या मध्ये दिसतो. क्रम कुठे उलटला आणि का, हे खडकच दाखवतो.

मतभेद व्हायचाच तर तो आदामावर व्हावा. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात एका माणसाद्वारे पाप आणि पापाद्वारे मरण जगात आलं असं आहे, आणि हा प्रश्न वर्षांच्या बेरजेने सुटत नाही. प्राण्यांच्या मरणाचा भाग त्यामानाने सोपा: पतनाआधी, म्हणजे आदामाने पाप करण्याआधी, सिंह आणि ससाणे गवत खात होते हे धर्मपंडित थॉमस अक्वायनसला तेराव्या शतकातच पटलं नव्हतं. माणसाच्या पापाने पशूंचा स्वभाव बदलला नाही, असं तो म्हणतो. माणसाचं काय, यावर पोप पायस बारावे यांनी १९५० साली शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, पण आत्मा थेट देवाकडून येतो हे कायम ठेवलं, आणि मानवजात अनेक मूळ जोडप्यांपासून आली हे मत मूळ पापाच्या शिकवणीशी कसं जुळेल ते दिसत नाही, असं म्हटलं. जनुकशास्त्राचे आकडे मानवजात एका जोडप्यापेक्षा मोठ्या समूहातून आली असं सुचवतात, म्हणून आज अडतं ते नेमकं याच ठिकाणी. तरुण मुलांसोबत बसायचं तर ते रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून बसावं.