‘बिल कोणाचंही असो, भरून टाका’ म्हणे!

‘डोमेनवाल्यांनो सावधान’ नावाचा एक फॉरवर्ड फिरतोय (डोमेन म्हणजे वेबसाइटचं मुदतीवर घेतलेलं नाव). त्यातले दावे असे: रिन्यूअलचं बिल कोणत्याही कंपनीचं आलं तरी भरा, शेवटी सगळ्यांची यादी एकच, मुदत संपली की त्याच रात्री नाव जातं, ‘तुमचं नाव दुसरं कोणी घेतंय’ अशी परदेशातून मेल आली तर सात दिवसांत उत्तर द्या, आणि नाव नुसतं सर्च केलं तरी चोरीला जातं. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला आणि एकजण कार्ड काढून बसलासुद्धा. म्हणून हा खटाटोप.

पहिला दावा सगळ्यात घातक. डॉट कॉमची मुख्य नोंद व्हेरिसाइन ही कंपनी ठेवते (अशा संस्थेला रजिस्ट्री म्हणतात), इथवर ठीक. पण तुमचं नाव त्या नोंदीत एका ठरावीक रजिस्ट्रारकडे (नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) असतं आणि रिन्यू तिथूनच होतं. भलत्याने पाठवलेला तो कागद जरा नीट बघा. वर तुमचं डोमेन, मुदत संपण्याची खरी तारीख, मोठ्या अक्षरांत रक्कम. आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘हे बिल नाही, हा प्रस्ताव आहे’. तारीख बरोबर आहे म्हणून माणूस भुलतो. अहो, ती तारीख जगात कोणालाही बघता येते!

पैसे भरल्यावर काय होतं? एक तर तुम्ही ‘सर्च इंजिन नोंदणी’ नावाचं काहीतरी विकत घेतलेलं असतं आणि डोमेन रिन्यू झालेलंच नसतं. (गूगलला अशी कुठलीही फी लागत नाही.) नाहीतर तो ट्रान्सफरचा अर्ज असतो: ते लॉक (ट्रान्सफर अडवणारं कुलूप) काढायला लावतात, ऑथ कोड (ट्रान्सफरचा पासवर्ड) मागतात आणि नाव चढ्या दराच्या रजिस्ट्रारकडे जातं. डीएनएस (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी सेवा) जुन्या रजिस्ट्रारकडे असेल तर साइट आणि मेल दोन्ही बंद पडू शकतात, आणि पुढचे ६० दिवस पुन्हा हलायला सहसा मनाई.

तपासायला दोन मिनिटं लागतात. लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी (आयकॅन म्हणजे डोमेनांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) उघडा, नाव टाका, ‘रजिस्ट्रार’ची ओळ वाचा. तारखा दोन दिसू शकतात. मुदत संपल्यावर रजिस्ट्रीची तारीख आपोआप वर्षभर पुढे सरकते, तेव्हा रजिस्ट्रारची धरा. मग मेलमधल्या लिंकला हात न लावता स्वतः पत्ता टाइप करून खात्यात शिरा. बिल खरं असेल तर ते तिथे दिसेलच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: अनोळखी नावाचं बिल दरवेळी खोटं नसतं. डोमेन होस्टिंगवाल्याकडून किंवा साइट बनवणाऱ्याकडून घेतलं असेल तर तो रीसेलर, म्हणजे दुसऱ्या रजिस्ट्रारमार्फत नावं विकणारा, असतो आणि लुकअपमध्ये भलतंच नाव दिसतं. तेव्हा पहिल्या वर्षाची पावती शोधा. जिथे तेव्हा पैसे भरले, तिथेच विचारा.

‘त्याच रात्री नाव जातं’ हे धादांत खोटं. आयकॅनचं २०१३ पासूनचं मुदतबाह्य नोंदणीचं धोरण वाचा. मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी पाठवणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. डॉट कॉमसारखं नाव डिलीट झालं तरी ३० दिवस सोडवून घेता येतं, अर्थात जबर दंड भरून. देशांच्या डोमेनांचे नियम वेगळे, ते त्या त्या रजिस्ट्रीकडे बघा. पण ‘शेवटची सूचना, २४ तास’ म्हणून जो घाई करतो, त्याचा हेतू तिथेच कळतो.

परदेशी मेलचं काय? तुमच्या नावाचं डॉट सीएन (चीनचं डोमेन) कोणीही घेतलं तरी तुमच्या डॉट कॉमला धक्का लागत नाही, आणि आलेल्या अर्जाबद्दल परक्याची हरकत विचारत बसणं हे रजिस्ट्रारचं काम नव्हे. उत्तर दिलंत की तुम्हालाच ती सगळी नावं कित्येक वर्षांसाठी गळ्यात मारतात. डिलीट करा.

सर्चवरून चोरी? २००८ मध्ये नेटवर्क सोल्युशन्स हा रजिस्ट्रार सर्च झालेली नावं चार दिवस स्वतःकडे अडकवून ठेवत असे, हे खरं. नोंदवलेलं नाव काही दिवसांत परत केलं की पैसे लागत नसत, त्या सवलतीवर हे चालायचं; तिला आयकॅनने नंतर लगाम घातला. तरी नाव शोधायचं ते ओळखीच्या रजिस्ट्रारकडेच.

ऑथ कोड देऊन बसला असाल तर आजच खात्यात जाऊन लॉक लावा आणि कोड बदलून घ्या. ट्रान्सफर सुरू झाला असेल तर जुना रजिस्ट्रार तुम्हाला मेल पाठवतो. पाच दिवसांत त्यातून नकार कळवला की तो थांबतो. कार्डाने भरलेल्या पैशांसाठी बँकेकडे लगेच तक्रार नोंदवा आणि तो कागद, तळाच्या बारीक अक्षरांसकट, जपून ठेवा.